मतपेटी आणि खोती

नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि पुढे साडेपाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले. मधल्या काळात सभागृह नसल्याची खंत सुशिक्षित नागरिकांना फारशी वाटलेली दिसली नाही, ही गोष्ट आम्हांला अधिक चिंताजनक वाटते. नळाला पाणी येते, रस्त्यावर दिवे लागतात, मग नगरसेवक हवेत कशाला, असे विचारणाऱ्यांनी याच भूमीचा एक जुना अध्याय उघडून पाहावा.

पनवेल व उरण हे तालुके तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, मुंबई प्रांतात होते. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली निवडणुका झाल्या व जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. परंतु हे लोकराज्य जन्मतःच अशक्त होते. मालमत्ता, सारा वा शिक्षण यांच्या अटींमुळे बहुसंख्य प्रौढांना मतच नव्हते. गव्हर्नरापाशी विशेषाधिकार राखून ठेवलेले होते. तिजोरी तुटपुंजी होती. १९२९ नंतरच्या मंदीने धान्याचे भाव कोसळले, खोतांच्या मागण्या मात्र ओसरल्या नाहीत. अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी कसण्याचेच नाकारले. हा संप सुमारे सहा वर्षे चालला.

या कुळांचे गाऱ्हाणे विधिमंडळात पोहोचले, हेच त्या दुबळ्या संस्थेचे सार्थक होय. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. ते विधेयक कायद्यात उतरले नाही, हा बहुमताचा दोष खराच. तथापि कुळांना काही संरक्षण देणारा १९३९ चा कूळ कायदा याच विधिमंडळाने केला. त्याच साली युद्ध पेटले. लोकप्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉयने हिंदुस्थानला युद्धात ओढले आणि नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर १९४६ पर्यंत प्रांतावर गव्हर्नरचा अंमल होता. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले.

जर्मनीत याच्या उलट स्थिती होती. तेथे १९१९ पासून स्त्रीपुरुषांना सरसकट मताधिकार होता. परंतु १९३० पासून संसदेला बाजूस सारून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकुमांवर राज्य चालले. १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. आणि जानेवारी १९३३ मध्ये हिटलर अधिकारावर आला. अडचणीच्या काळापुरती म्हणून पत्करलेली वाट राज्यकर्त्यांच्या अंगवळणी पडली होती.

मताचा हक्क पुरेसा नाही आणि भाकरीचे आश्वासनही पुरेसे नाही. भाकरी का मिळाली नाही, हे सत्ताधाऱ्याला तोंडावर विचारण्याची जागा उघडी असावी लागते. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याला मतदारापुढे उभे राहावे लागत नाही. नवी मुंबईकरांना ती जागा पुन्हा लाभली आहे. तेथे काय चालते, याची विचारपूस ते निवडणुकीपुरतीच करणार की वर्षभर, यावर तिचे आयुष्य अवलंबून राहील.