गडगडाटाची नोंदवही

वळवाच्या पावसाचा वर्तमानपत्रात येणारा आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा असतो. ज्या दिवशी वेधशाळेत मेघगर्जना ऐकू येते, तो ‘गडगडाटी वादळाचा दिवस’. मग पाऊस पडो वा न पडो. एकदाच गरजून गेलेला ढग आणि तीन तास झोडपणारे वादळ, वर्षाच्या बेरजेत दोन्ही सारखेच. वादळ किती वाजता उठले, कुठून आले, किती वेळ रेंगाळले, हे या बेरजेतून कळत नाही. शेतात राबणाऱ्याचा जीव मात्र त्यावरच अवलंबून असतो. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात.

ही उणीव हौशी निरीक्षक भरून काढू शकतो. इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या मॉरिस बावर यांनी १९२४ मध्ये स्वयंसेवकांकडून अशा नोंदी गोळा करायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या माझ्या गावी मी ठेवतो त्या वहीत सहा रकाने आहेत: पहिल्या गर्जनेची वेळ, दिशा, वीज दिसणे आणि आवाज येणे यांतले सेकंद, गारा, पाऊस, शेवटच्या गर्जनेची वेळ. साधने म्हणजे घड्याळ, होकायंत्र आणि उभ्या काठाचे भांडे.

सर्वांत बोलका रकाना सेकंदांचा. विजेच्या वाटेवरची हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून फुगते; तोच धमाका आपण ऐकतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून तीन सेकंदांचा एक किलोमीटर. विजेची वाट काही किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असते. तिच्या जवळच्या भागाचा आवाज आधी पोचतो, दूरच्याचा मागून. गडगडाट लांबतो तो यामुळे.

वहीत ३०, २४, १५ असे आकडे उतरले, की वादळ दहा किलोमीटरवरून पाचवर आले. पण निवारा गाठायचा तो तीसच्या आकड्यालाच. पाऊस दूर असतानाही वीज इतक्या अंतरावर पडू शकते. निवारा म्हणजे पक्के घर किंवा बंद मोटार, झाड नव्हे. शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

एप्रिल-मेच्या पानांवर पहिल्या गर्जनेच्या वेळा बहुतेक दुपारी तीननंतरच्या आहेत. दिवसभर तापलेली जमीन दमट हवेला वर ढकलते आणि तिसऱ्या प्रहरी ढग उंच चढतात. गावोगावच्या अशा वह्या एकत्र ठेवल्या, तर उन्हाळ्यात मजुरांनी रानातून कधी परतावे, हे अंदाजाऐवजी नोंदींवरून ठरवता येईल.