मायक्रोवेव्हमध्ये धातू ठेवला की ठिणग्या का उडतात?

हॉस्टेल असो की ऑफिसची पँट्री, मायक्रोवेव्हवर "स्टीलची भांडी ठेवू नका" अशी चिठ्ठी चिकटवलेली असतेच. पण जरा आत डोकावून बघा, मायक्रोवेव्हच्या भिंती धातूच्याच असतात! मग त्यांच्यावर ठिणग्या का उडत नाहीत? हा प्रश्न मला इतक्या मित्रांनी विचारलाय की म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकू.

लहरी काय करतात?

मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. तुमचं २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय याच पट्ट्यात चालतं. फरक आहे तो ताकदीचा. राउटरची ताकद एक वॅटहूनही कमी, तर मायक्रोवेव्हची साधारण ७०० ते १००० वॅट. या लहरी अन्नातले पाण्याचे रेणू हलवतात आणि अन्न गरम होतं. धातूवरून मात्र त्या आरशावरच्या प्रकाशासारख्या परत फिरतात. म्हणून तर भिंती धातूच्या असतात. दाराच्या जाळीचंही तेच काम. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि जाळीची भोकं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, त्यामुळे लहरी बाहेर पडत नाहीत.

मग ठिणगी कुठून येते?

लहरींमुळे धातूतले इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा पुढे-मागे होतात. सपाट, गुळगुळीत भिंतीवर हा ताण पसरून जातो. काट्याच्या टोकाशी किंवा चुरगळलेल्या फॉइलच्या घडीत तो एकवटतो. तिथलं विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टपर्यंत पोचलं की हवेतूनच वीज वाहते. तीच ठिणगी! सोनेरी कडेच्या कपातही हेच होतं, कारण ती कड म्हणजे धातूचा पातळ थर असतो.

थोडक्यात, धातू आहे एवढ्यानेच ठिणगी उडत नाही, त्याचा आकार आणि जागा महत्त्वाची.

स्टीलचा डबा चालेल का?

नको. बंद डब्यात लहरी शिरतच नाहीत, त्यामुळे भाजी थंडच राहते. डबा भिंतीच्या अगदी जवळ आला तर मधल्या फटीत ठिणगी उडू शकते. शिवाय परत फिरलेल्या लहरींनी मॅग्नेट्रॉन तापतो. जेवण काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून घ्या. कन्व्हेक्शन मोडमध्ये ओव्हनसोबत आलेली जाळी वापरायची असेल, तर आधी मॅन्युअल वाचा.

आणि फोन?

२०१४ मध्ये आयओएस ८ आल्यावर "आता आयफोन मायक्रोवेव्हमध्ये चार्ज होतो" अशी खोटी जाहिरात फिरली होती. फोनमध्ये धातूच्या बारीक तारा आणि लिथियम बॅटरी असते. आत ठेवला तर चार्जिंग सोडाच, आग लागू शकते.

ठिणगी दिसली तर

* लगेच मायक्रोवेव्ह बंद करा आणि भिंतीवरचं बटणही बंद करा.
* आतून ज्वाळा दिसल्या तर दार उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते.
* आतल्या भिंतीचा रंग जळाला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत वापरू नका.

पँट्रीतल्या चिठ्ठीचं कारण आता कळलंच असेल. कुणी विचारलं तर त्यांनाही सांगा!