पुरुषांमधील स्तनवृद्धी : कारणे व उपचार

आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावात एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कबड्डी खेळताना सदरा काढेनासा होतो, तेव्हा त्यामागे स्तनवृद्धी हे कारण असू शकते. तो घरी सांगत नाही. सांगितलेच तर ‘मोठा झाला की जाईल’ एवढ्यावर विषय संपतो. बहुतेक वेळा हे उत्तर खरेही ठरते, परंतु ते न तपासता दिलेले असते.

पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अल्प प्रमाणात असते. टेस्टोस्टेरॉनच्या तुलनेत त्याचा प्रभाव वाढला की स्तनाग्राखालील ग्रंथी वाढते. यास वैद्यकशास्त्रात गायनेकोमास्टिया म्हणतात. नवजात अवस्था, पौगंडावस्था व वार्धक्य या काळांत ती नैसर्गिकरीत्या आढळते. पौगंडावस्थेतील वाढ बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत ओसरते. लठ्ठपणामुळे छातीवर चरबी साचणे ही बाब निराळी होय. खऱ्या स्तनवृद्धीत बोटांना रबरासारखी चकती लागते, चरबीत ती लागत नाही.

प्रौढांत मात्र कारण शोधावेच लागते. यकृताचा सिऱ्होसिस, मूत्रपिंडाचा जुना विकार, थायरॉइडचा अतिस्राव, क्लाइनफेल्टर हा गुणसूत्रदोष आणि क्वचित वृषणाची गाठ ही त्याची मुळे असतात. म्हणूनच छातीची तक्रार असली तरी वृषणाची तपासणी टाळता येत नाही. संकोचामुळे नेमकी तीच राहून जाते. औषधांचाही वाटा मोठा आहे. सिऱ्होसिसमध्ये पोटातील पाणी उतरविण्यासाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन स्वतःच स्तनवृद्धी घडवू शकते. अर्थात ते रुग्णाने परस्पर बंद करणे धोक्याचे. पर्यायी औषध डॉक्टरच ठरवितात. व्यायामशाळांतून घेतली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स हे अलीकडचे, पूर्णतः टाळता येण्याजोगे कारण होय.

वाढ नवी व दुखरी असल्यास टॅमॉक्सिफेनचा उपयोग होतो. वर्षभरानंतर ऊती तंतुमय होते, मग गोळ्यांचा गुण फारसा येत नाही. मालिश व लेप यांनी तर ग्रंथी कधीच विरघळत नाही. अशा वेळी स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात, आवश्यक तेथे चरबीही शोषून घेतात.

एकाच बाजूची कठीण गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे ही लक्षणे वेगळ्या वर्गातील आहेत. पुरुषांतही स्तनाचा कर्करोग होतो. एकूण स्तनकर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. अशा रुग्णाने वाट न पाहता सेवाग्राम अथवा सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. दोन्ही वर्धा जिल्ह्यातच आहेत.