सुई आणि माती : नव्या रुग्णासाठी थोडी माहिती

ॲक्युपंक्चर आणि निसर्गोपचार ही दोन नावे महाराष्ट्रातील शहरांत पुष्कळदा एकाच दवाखान्याच्या पाटीवर वाचायला मिळतात, आणि त्यामुळे या दोन्ही पद्धती एकाच परंपरेतून निघाल्या असाव्यात असा समज होतो. वस्तुतः ॲक्युपंक्चर ही चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच ग्रंथबद्ध झालेली, सुया टोचून करावयाची चिकित्सा आहे, तर आज ज्याला निसर्गोपचार म्हणतात त्याचे बहुतेक विधी एकोणिसाव्या शतकातील जर्मन भाषक प्रदेशांत, प्रामुख्याने पाण्याचे उपचार करणाऱ्यांच्या हाती, आकाराला आले. त्यांच्यासोबत काढे, रस, चूर्णे यांचाही उल्लेख ‘नैसर्गिक औषधे’ म्हणून होत असतो, पण काटेकोर निसर्गोपचार कोणतेच औषध देत नाही, मग ते वनस्पतीचे का असेना. आहार, उपवास, पाणी, माती, ऊन आणि विश्रांती एवढीच त्याची सामग्री असते. पाटी एक असली तरी आत तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्यांपैकी आपल्याला नेमके काय दिले जात आहे, हा नव्या रुग्णाचा पहिला प्रश्न असावा.

ॲक्युपंक्चरचे नाव निघाले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, परंतु या स्मरणात थोडी गफलत आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनकडे भारतातून जे पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक गेले, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते, कोटणिसांनी तेथे केले ते शल्यचिकित्सकाचे काम, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा तेथेच मृत्यू झाला. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातील दुसऱ्या डॉक्टरांनी, विजयकुमार बसू यांनी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही चिकित्सा शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. म्हणजे भारतात ॲक्युपंक्चर आले ते आधुनिक वैद्यक शिकलेल्या डॉक्टरच्या हातून, आणि ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

या चिकित्सेचा पारंपरिक सिद्धान्त असा की, शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती बारा प्रमुख मार्गांनी वाहते, तिच्या वाहण्यात अडथळा आला की दुखणे उद्भवते आणि त्या मार्गांवरील ठरावीक बिंदूंवर सुई टोचली की प्रवाह पूर्ववत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेल्या यादीत असे ३६१ बिंदू आहेत. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली हे मार्ग कोणाला दिसलेले नाहीत, हे येथेच सांगितलेले बरे. परंतु सिद्धान्त पटला नाही म्हणून सुईचा परिणामच होत नाही असे म्हणता येत नाही, कारण टोचल्याने त्वचेखालील आणि स्नायूंतील संवेदी नसा उद्दीपित होतात, मज्जारज्जूत व मेंदूत वेदनेचे संदेश काही अंशी रोखले जातात आणि एंडॉर्फिन हे शरीरातच तयार होणारे वेदनाशामक द्रव्य स्रवते. १९७० च्या दशकातील प्रयोगांत असे दिसले की अफूजन्य औषधांचा प्रभाव पुसणारे नॅलॉक्झोन आधी दिले तर सुईने येणारी वेदनाशमनाची अवस्था बरीचशी नाहीशी होते; एंडॉर्फिनकडे बोट दाखवणारा हा पुरावा आजही महत्त्वाचा मानला जातो.

खरा पेच पुढे आहे. औषधाची परीक्षा घेताना खोटी गोळी देता येते, पण खोटी सुई कशी टोचायची, असा प्रश्न संशोधकांना पडला, आणि त्यांनी बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचण्याची तऱ्हा काढली. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना, भलतीकडे टोचून घेतलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि औषधे, व्यायाम, शेक असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना उल्लेखनीय आराम पडला. या आकड्यांवरून समर्थक म्हणतात की सुई नेहमीच्या उपचारांहून सरस ठरली, टीकाकार म्हणतात की बिंदूंना काही अर्थ उरला नाही, आणि गंमत अशी की दोघेही बरोबर आहेत. पुढे २०१८ मध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात जुनाट वेदनांमध्ये खऱ्या सुयांची सरशी खोट्या सुयांवरही दिसली, पण ती थोडक्या फरकाने. अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, गुडघ्याची झीज, मान-कंबरेचे जुने दुखणे, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ या तक्रारींत प्रयोग करून पाहण्याइतका आधार उपलब्ध आहे. मधुमेह, कर्करोग, थायरॉईडचे विकार किंवा वंध्यत्व सुयांनी समूळ बरे होईल अशी हमी देणाऱ्या पाटीला मात्र असा आधार नाही, आणि हमी जितकी मोठी तितका रुग्णाने पाय मागे घ्यावा.

उपचाराच्या पहिल्या बैठकीत चिकित्सक बराच वेळ विचारपूस करतो, जीभ पाहतो, दोन्ही मनगटांची नाडी पाहतो आणि मग रुग्णाला झोपवून बहुधा पाच ते वीस सुया टोचतो. इंजेक्शनची सुई पोकळ आणि तिरप्या कापाची असते, ही सुई मात्र भरीव आणि केसासारखी बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, क्वचित तेही नाही. नंतर त्या जागी येणारी जडपणाची, बधिरतेची किंवा झिणझिण्यांची भावना चिनी परंपरेत ‘ते-ची’ म्हणून ओळखली जाते आणि चिकित्सक तिचीच वाट पाहत असतो. तीव्र, विजेसारखी कळ आली तर ती सहन करीत न बसता लगेच सांगावी. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवतात, काही वेळा त्यांना सौम्य विद्युत्प्रवाह जोडतात, काही वेळा त्यांच्याजवळ ‘मोक्सा’ जाळून शेक देतात. मोक्सा म्हणजे आर्टेमिसिया प्रजातीतील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापूस, आणि चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा सुगंधी दवणा याच प्रजातीतला आहे. पाठीवर पेले चिकटवण्याचा जो प्रकार नवलाईने पाहिला जातो, तो तर आपल्याकडे तुंबडी लावणे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. फरक एवढाच की आता त्याचे लाल वण छायाचित्रांत मिरवले जातात. एका बैठकीत चमत्कार घडत नाही, पण सहा-आठ बैठकांनंतरही तिळमात्र फरक जाणवत नसेल तर आणखी वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरण्यात हशील नाही.

सुरक्षिततेविषयी सर्वांत विस्तृत माहिती जर्मनीतूनच आली असून, २ लाख २९ हजार २३० रुग्णांच्या त्या पाहणीत ८.६ टक्के लोकांनी काही ना काही त्रास नोंदवला, त्यातही बहुतेकांचा त्रास थोडे रक्त येणे किंवा त्वचा काळीनिळी पडणे एवढाच होता. छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस आक्रसण्याची गंभीर घटना दोनच रुग्णांत घडली. तथापि ती घडू शकते, म्हणून छातीवर आणि खांद्याच्या वरच्या भागात टोचणाऱ्याला शरीररचनेचे पक्के ज्ञान हवे, आणि उपचारानंतर दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, रक्त न गोठण्याचा विकार, हृदयात पेसमेकर असणे, गरोदरपण, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेला हात, या गोष्टी विचारल्या गेल्या नाहीत तरी आपणहून सांगाव्यात. रिकाम्या पोटी जाऊ नये, कारण पहिल्या बैठकीत भोवळ येण्याचा संभव अधिक असतो.

निसर्गोपचाराचा महाराष्ट्राशी असलेला संबंध याहून जवळचा आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी जर्मन लेखक ॲडॉल्फ युस्ट यांचे पुस्तक वाचले आणि पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवण्याचे प्रयोग आरंभले. पुढे पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचे अनेकदा वास्तव्य झाले, त्याच वास्तूत १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था काम करू लागली, आणि मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळच्या उरुळीकांचन येथे गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आजही रुग्णांना दाखल करून घेतो. अशा ठिकाणी मातीची पट्टी, टबात बसून घ्यावयाचे कटिस्नान, वाफ, एनिमा, रसाहार, मर्यादित उपवास आणि योगासने असा दिनक्रम असतो. वजन, रक्तदाब, बद्धकोष्ठता, निद्रानाश यांत अनेकांना तेथे बरे वाटते, त्यामागे शिस्तबद्ध झोप, मीठ-साखर-तळणाची सुट्टी आणि चालणे यांचा वाटा मातीपेक्षा मोठा असावा, असे मानण्यास जागा आहे. मात्र इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने मात्रा न बदलता उपवास धरला तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते, त्यामुळे त्याचा उपवास देखरेखीखालीच व्हावा.

या संदर्भात गांधीजींच्याच आयुष्यातील एका प्रसंगाचा विसर त्यांच्या अनुयायांना पडू नये. १९२४ च्या जानेवारीत, येरवड्याचे कैदी असताना, त्यांना आंत्रपुच्छाचा दाह झाला, तेव्हा मातीच्या पट्टीवर विसंबून न राहता पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि गांधीजींनी तिला संमती दिली होती. ज्या पोटदुखीला चाकू हवा, तिला सुई किंवा माती देणे हा उपचार नव्हे, आणि कोणत्या पोटदुखीला काय हवे हे निदानाशिवाय कळत नाही. म्हणून या दोन्ही पद्धतींकडे जाताना रुग्णाने आपले निदान, तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे समीकरण तर स्वयंपाकघरातच कोसळते. दुधीभोपळा कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य असते, त्याचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही ओढवले आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात पिऊ नये असे बजावले आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले, त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी असे काढे घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा म्हणून फेटाळला, आणि वाद मिटलेला नाही. तोवर यकृताचा विकार असलेल्याने काढा घेण्याआधी डॉक्टरला विचारणे श्रेयस्कर.

चिकित्सक निवडताना नोंदणी पाहावी. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला असून त्यात चिकित्सकांच्या नोंदणीची तरतूद आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली, निसर्गोपचारात बी.एन.वाय.एस. ही आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची पदवी आहे, परंतु आयुर्वेद-होमिओपॅथीसारखा केंद्रीय आयोग त्याला नाही, त्यामुळे आठवडाभराच्या शिबिराचे प्रमाणपत्रही भिंतीवर चौकटीत लावलेले आढळते. शेवटची खूण खोलीतच सापडते. सुई रुग्णासमोर सीलबंद पाकिटातून निघावी आणि वापरून झाल्यावर जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे टोकदार वस्तूंसाठीच्या पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात पडावी. तो डबा दिसला नाही तर सुया कोठे जातात, हे टेबलावर झोपण्यापूर्वीच विचारावे.