मोटारीचें पाणी आणि त्याच्या नळ्या



मोटार म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तिचा रंग येतो, तिचीं चाकें येतात, फार तर तिचें इंजिन येतें. परंतु त्या इंजिनाचा जीव ज्या दोन-तीन रबरी नळ्यांच्या हातीं असतो, त्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. ती होते ती घाटाच्या मध्यावर, पुढच्या झांकणाखालून वाफेचा लोट बाहेर पडूं लागला म्हणजे! ह्या नळ्या कशाकरितां असतात, त्या केव्हां बदलाव्या, आणि मूळच्या नळ्यांच्या जागीं अधिक टिकाऊ नळ्या व मुद्दाम घडवून घेतलेलीं फिटिंग बसवावयाचीं झाल्यास कोणती सावधगिरी बाळगावी, एवढ्याच गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानानें पाव ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीच्यापैकीं बरीचशी धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग इंजिनाच्या भिंतींमधून खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाणी इंजिनांत ढकलतो. तापलेलें पाणी थर्मोस्टॅट नांवाच्या झडपेंतून वरच्या नळीनें रेडिएटरमध्यें येतें. तेथें वाऱ्यानें निवतें, आणि खालच्या नळीनें पुन्हां पंपाकडे जातें. ही झडप साधारणतः ८० ते ९० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान उघडते. "उन्हाळ्यांत ती काढून टाकावी" असा सल्ला कांहीं मेस्त्री देतात; तो मानूं नये. इंजिनास जशी अति उष्णता सोसत नाहीं, तसा अति गारवाहि मानवत नाहीं.

आतां नळ्या रबराच्याच कां? रेडिएटर गाडीच्या सांगाड्यास जखडलेला असतो. इंजिन मात्र रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असल्यामुळें सुरू होतांना, गिअर बदलतांना, खड्ड्यांतून जातांना डोलतें. एक स्थिर व एक हलणारें अशा दोन वस्तूंना जोडणारा दुवा लवचिकच पाहिजे. टिकाऊपणाच्या हौसेनें कोणी तेथें धातूची अखंड नळी बसविली, तर थोड्याच दिवसांत रेडिएटरचें नाजूक तोंड तडकतें. धातूचा वांक मध्यें घालण्यास हरकत नाहीं. पण त्याच्या दोन्ही अंगांस रबराचा तुकडा असलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट दाबाची. पाणी १०० अंशांवर उकळतें, असें आपण मुलांना शिकवितों. तें समुद्रसपाटीपुरतें खरें. महाबळेश्वराच्या उंचीवर तें ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. उलट हवेच्या नेहमींच्या दाबावर आणखी तितकाच दाब चढविला, तर तेंच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. घरांतील प्रेशर कुकर ह्याच नियमावर चालतो, व रेडिएटरचें झांकणहि कुकरच्या शिट्टीचेंच काम करतें. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडणें म्हणजे शिजत असलेल्या कुकरचें झांकण बळानें काढण्यासारखें आहे. दाब सुटतांच आंतील पाण्याची वाफ होऊन तें तोंडावर व हातांवर उसळतें, आणि डोळे जाण्याचाहि प्रसंग येतो. इंजिन बंद करून तें हाताला कोमट लागेपर्यंत थांबावें, ह्याला दुसरा उपाय नाहीं.

नळी जुनी झाली हें ओळखावें कसें? वरून ती काळीभोर व धड दिसते, आणि तेथेंच मनुष्य फसतो. इंजिन व रेडिएटर ह्यांचे निरनिराळे धातू आणि मधलें पाणी ह्यांचा मिळून एक सौम्य विद्युत्-घट तयार होतो, व त्याच्या क्रियेनें नळीला आंतून, विशेषतः टोंकांजवळ, उभ्या चिरा पडतात. ह्यास्तव इंजिन थंड असतांना नळीचीं टोंकें आंगठा व बोट ह्यांच्या चिमटींत दाबून पाहावीं. मधल्या भागापेक्षां टोंकाशीं ती मऊ लागली, किंवा आंत चीर असल्याचें बोटांना जाणवलें, तर ती बदलावी. खालच्या नळीवर पंपाची ओढ असते. ती लुळी पडली तर वेगांत असतांना आंत ओढली जाऊन चपटी होते. कित्येक गाड्यांत तिच्या आंत तारेची स्प्रिंग असते ती ह्याकरितांच. ती फेंकून देऊं नये.

मूळची, सांच्यांत वळवलेली नळी बाजारांत मिळत असेल, तर तीच घेणें उत्तम. परंतु जुन्या गाड्यांच्या धन्यांची अडचण येथेंच सुरू होते. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ह्या शतकाच्या आरंभीं बनावयाची बंद झाली, आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ सालीं तिनें रस्त्याचा निरोप घेतला. तरी ती जिव्हाळ्यानें सांभाळणारीं कुटुंबें आहेत. रेडिएटर दुसऱ्या गाडीचा, पंप तिसऱ्या गाडीचा, असा संसार थाटला कीं नळीचीं दोन टोंकें दोन मापांचीं होतात, व फिटिंग घडवून घ्यावींच लागतात.

प्रथम माप. दोन्ही तोंडांचा बाहेरील व्यास व्हर्नियरनें मोजावा. नळीचा आंतील व्यास तितकाच हवा. मोठ्या नळीला क्लिपेनें आवळून लहान तोंडावर बसविणें हा उपाय नव्हे. टप्प्याची नळी किंवा लेथवर कातलेला जोड वापरावा. मात्र जोडाचें आंतील भोंक अरुंद होऊं देऊं नये. ३२ मिलिमीटरच्या जागीं २५ मिलिमीटरचें भोंक आलें, तर पाण्याच्या वाटेचें क्षेत्रफळ जवळजवळ दोन-पंचमांशानें घटतें.

ह्या जोडाच्या टोंकाशीं उठावदार कंगोरा ठेवण्यास कारीगरास बजावून सांगावें. त्याचें कारण साध्या गणितानें कळतें. ३८ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें ११ चौरस सेंटिमीटर भरतें. दर चौरस सेंटिमीटरास एक किलोग्रॅम दाब धरला, तर नळीला बाहेर ढकलणारें बळ ११ किलोग्रॅम वजनाइतकें होतें! गुळगुळीत तोंडावरून नळी निसटते; कंगोऱ्यावरून पुढें सरकवून त्याच्या मागें क्लिप आवळली म्हणजे ती ठरते.

आतां आट्यांविषयीं. आपल्याकडे नळकामांत चालतात ते आटे ब्रिटिश पद्धतीचे. त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन पद्धतीच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा. अर्धा इंच व पाऊण इंच ह्या मापांत दोहोंचेहि इंचास १४ आटे असल्यामुळें एक दुसऱ्यांत कांहीं फेरे सहज जातो, व "बसलें" असें वाटतें. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या गाडीस असाच जोड बसविला गेला होता. दारांत उभ्या गाडीस थेंबहि गळला नाहीं. कुटुंबासह घाट चढतांना, दाब वाढल्यावर, तेथूनच धार लागली. सुदैवानें कांटा वर सरकलेला त्यांनीं वेळेवर पाहिला, व गाडी कडेला घेतली.

शर्यतीच्या गाड्यांत 'ए-एन' फिटिंग वापरतात. अमेरिकेच्या भूसेना व नौसेना ह्यांच्या विमानांकरितां तीं मापें ठरलीं. त्यांचा आंकडा नळीचा बाहेरील व्यास इंचाच्या सोळाव्या हिश्शांत सांगतो; १६ म्हणजे एक इंच, २० म्हणजे सव्वा इंच. त्यांत गळती अडवितो तो ३७ अंशांचा शंकु, आटे नव्हेत. म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळूं नये. ती निमुळत्या आट्यांकरितां आहे. ४५ अंशांच्या शंकूशीं ह्यांची जोडी लावूं नये, आणि अल्युमिनियमचे आटे बळानें आवळूं नयेत.

नळीच्या जातींत ईपीडीएम नांवाचें कृत्रिम रबर बहुतेक गाड्यांस पुरेसें आहे. तें सुमारें १२५ अंश सोसतें. सिलिकोन त्याहून पुष्कळ अधिक, सुमारें १७५ अंश, सोसतें. पण तें महाग, आणि त्यांतून पाण्याची वाफ किंचित् झिरपत असल्यामुळें पातळी वरचेवर पाहावी लागते. दोहोंनाहि तेलाचा संपर्क नको. खाचांची साधी क्लिप सिलिकोनास कापते. त्याकरितां आंतून गुळगुळीत पट्टीची क्लिप घ्यावी.

काम झाल्यावर गाडी लगेच दूर नेऊं नये. पाणी सावकाश भरून आंतील हवा निघूं द्यावी. मग हातपंपानें, झांकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब देऊन दहा-पंधरा मिनिटें कांटा ढळतो कीं काय तें पाहावें. पहिल्या फेरीनंतर इंजिन निवूं देऊन क्लिपा पुन्हां तपासाव्या. नुसतें पाणी न भरतां गंजरोधक कूलंट घालावें. मात्र त्यांतील ग्लायकॉल विषारी व चवीला गोडसर असतें. सांडलेलें पुसून टाकावें, व डबा मुलांच्या आणि मुक्या जनावरांच्या वाटेंत ठेवूं नये.

पावसाळा सरला कीं घाटांतील प्रवास सुरू होतात. निघण्याच्या आदल्या दिवशीं, इंजिन थंड असतांना, पांच मिनिटें काढून ह्या नळ्या एकदां चिमटींत धरून पाहाव्या, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.