एकच द्रव्य, दोन नांवें

तापावरील जी गोळी आपल्याकडे पॅरासिटॅमॉल म्हणून मिळते, तीच अमेरिकेंत ॲसिटामिनोफेन या नांवानें विकली जाते. मुलाकडे तेथें गेलेले आईवडील येथून नेलेली गोळी घेतात, वर तिकडचें सर्दीचें औषध. त्यांतील पुष्कळांत हेंच द्रव्य असतें! वेष्टनावरील ठळक नांव व्यापाऱ्याचें; द्रव्याचें नांव बारीक अक्षरांत शोधावें लागतें. प्रौढास दिवसाकाठीं ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. मद्यपी व यकृताचे रोगी यांस तीहि अधिकच. अतिमात्रेनें यकृत बिघडतें, आणि पहिल्या दिवशीं पुष्कळदां कांहीं जाणवतहि नाहीं. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आठ तासांच्या आंत दिल्यास विशेष गुणकारी. तेव्हां त्रासाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. दोन्ही वेष्टनें बरोबर न्यावीं.