गाडी कुठे गेली, कुणाला कळलं?

भाचीच्या निकाहसाठी आम्ही बारामतीहून सोलापूरला निघालो होतो. गाडी भाईजानांनी नुकतीच जुन्यात घेतलेली. इंदापूरच्या पुढे सरडेवाडीचा टोलनाका ओलांडला आणि थोड्या वेळात जुन्या मालकांचा फोन आला, "सोलापूरकडे निघालात वाटतं?" काचेवरचा फास्टॅग त्यांच्याच नावावर राहिला होता. पैसे कापल्याचा संदेश त्यांना गेला. माणूस भला, टॅग बदलून घ्या, एवढंच सांगायचं होतं. भाभी मात्र गप्प झाल्या. आपण कुठे, किती वाजता होतो, हे परक्याला घरबसल्या कळलं होतं.

फेब्रुवारी २०२१पासून सक्तीचा झालेला हा टॅग निदान नाक्यापुरताच बोलतो. पुढच्या गाड्या सतत बोलतील. जागा, वेग, ब्रेक दाबला की नाही, हे प्रत्येक गाडी सेकंदाला सुमारे दहा वेळा आसपासच्या गाड्यांना बिनतारी कळवते, असं हे तंत्र आहे. त्याचा फायदा आपल्याला वेगळा सांगायला नको. हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अचानक समोर आला की काळजाचं पाणी होतं. अशा ट्रॅक्टरवर हे यंत्र असेल, तर तो दिसण्याआधीच कळेल.

पण कुणी खोटाच संदेश सोडला तर? म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते. आता सही नेहमी एकच असेल, तर तिच्या मागावर राहून गाडीचा दिवसभराचा प्रवास मांडता येईल. यावर तोडगा दहावीच्या उत्तरपत्रिकेसारखा आहे. तिच्यावर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला पेपर खरा आहे हे कळतं, मूल कुणाचं ते कळत नाही. गाडीलाही असे अनेक तात्पुरते क्रमांक देतात आणि ती ते थोड्या थोड्या वेळाने बदलते. मूळ मालकाची माहिती एकाच कार्यालयाच्या हाती राहू नये, अशी विभागणीही असते.

तरी एक फट उरतेच. भर गर्दीत क्रमांक बदलला तर गाडी हरवून जाते. रात्री दोन वाजता भिगवण रस्त्यावर एकच गाडी असेल, तर क्रमांक बदलून काय लपणार?

परतल्यावर भाईजानांनी स्वतःच्या नावाचा टॅग घेतला. भाभींनी गाडीतली म्युझिक सिस्टीम उघडून पाहिली, तर ब्लूटूथमधून उतरलेले जुन्या मालकांच्या लेकीसुनांचे नंबर तिच्यात तसेच होते. ते त्यांनी तिथेच बसून एकेक करून पुसले.